मेंबरमावशी आणि अर्धी घरपट्टी

चूक झाली की माणूस ती झाकतो. पदराखाली, चटईखाली, आणि जमलंच तर दुसऱ्याच्या नावाखाली. आमची घरमालकीण मात्र आपली चूक ओट्यावर मांडून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून दाखवायची. याला वेड म्हणायचं की माज, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आणि हे मी उगाच म्हणत नाही. तिचं माहेर मुरबे. समुद्राच्या काठावर वाढलेली बाई, तिला मासळीत कोण फसवणार? पण एकदा बोईसरच्या बाजारातून तिनं पापलेटं आणली ती शिळी निघाली. दुसरी कुणी असती तर मुकाट मांजरीला घातली असती आणि घरात वरणभात लावला असता. हिनं ती पापलेटं ताटात मांडली, ताट ओट्यावर ठेवलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. "बघ गो, बघ. मुरब्याची पोर मी, आनि पैसे मोजून घान आनली." दुपार होईस्तोवर माश्या घोंगावायला लागल्या. मी नाकाला पदर लावून म्हटलं, "मावशी, टाका की आता उकिरड्यावर!" तर म्हणाली, "थांब गो. शिफ्टवाले यायचे हायत अजून. त्यांनी कुठं बघितली?"

आम्ही सांगलीकडचे. नवरा तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला म्हणून सरावलीच्या अलीकडे एका गावात खोली घेतली. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले दोघंतिघं फोन करून मला शिव्या देतील, आणि माझंही तोंड काही कमी फटकळ नाही, उगाच प्रकरण वाढेल. मावशीच्या चाळीत दहा खोल्या होत्या. बिहारची पोरं, खानदेशातली दोन बिऱ्हाडं, बाकी आम्ही घाटावरचे. ती ग्रामपंचायतीत महिलांच्या राखीव जागेवर निवडून आली आणि मावशीची मेंबरमावशी झाली. अंगात कायम मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री हवीच. त्या छत्रीनं ती कुत्री हाकलायची, तुंबलेलं गटार ढवळायची आणि बोलता बोलता समोरच्याच्या छातीवर टोचायची.

आभार मानलेले तिला अजिबात खपत नसत. एकदा आमच्या संडासाचं मोडलेलं दार तिनं दुरुस्त करून दिलं. मी आपली रीत म्हणून म्हटलं, "मावशी, उपकार झाले." बाई अशी भडकली! "भाडं देतेस ना? मग उपकार कसले? असे आभार मानत बसलीस तर उद्या मी डोक्यावर बसेन तुज्या." रस्त्यावर कुठल्याही पुढाऱ्याच्या आभाराचा फलक दिसला की तिची छत्री वर जायची. "ह्याच्या बापाच्या खिशातनं आला काय रे रस्ता?"

बजेटच्या दिवशी तिच्या घरी टीव्ही मोठ्यानं लागायचा आणि ती त्याच्याहून मोठ्यानं. आम्ही बाया निवडणं-टिपणं घेऊन जाऊन बसायचो, कारण ती करमणूक फुकट होती. टीव्हीतले साहेब म्हणायचे, करात सूट. ही म्हणायची, बरं. साहेब म्हणायचे, नवीन योजना. ही म्हणायची, हां, पुढं. मग खालून पट्टी सरकायची, सरकार इतकं कर्ज उभारणार, की ही ताडकन उठायची. "सूट पन तू देनार, कर्ज पन तू काढनार, दोनी एकाच तोंडानं! फेडनार कोन, ता सांग ना रे! नातवंडांची सही घेतलीस काय?" आणि रिमोटनं त्या साहेबांच्या कपाळावर टोचायची. एका वर्षी काचेला तडा गेला. तोही तिनं महिनाभर सगळ्यांना दाखवला.

तर अशा बाईनं तेच शेण खाल्लं. होय, तिनंच. ते ती स्वतः याच शब्दांत सांगायची, म्हणून मीही सांगते.

निवडणुकीला अजून बराच वेळ होता, पण आमचा सरपंच लांबचं बघणारा. तरणा, पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्यानं मासिक सभेत एकाच दिवशी दोन ठराव आणले. एक, गावाची घरपट्टी निम्म्यावर आणायची. दोन, जिल्हा परिषदेच्या निधीतून कर्ज घेऊन नाक्यावर दुकानाचे गाळे बांधायचे. हिशेब असा, की गाळ्यांचं भाडं येत राहील, त्यातून कर्जाचे हप्ते फिटतील, वर चार पैसे उरतील, मग लोकांकडून कर घ्यायचाय कशाला? ऐकायला झकास. सगळ्यांचे हात वर गेले. मावशीचाही.

फटाके वाजले. नाक्यावर भला मोठा फलक लागला, "घरपट्टीत निम्मी कपात! गाळ्यांचा शुभारंभ! दिलेला शब्द पाळला!" खाली सगळ्या मेंबरांचे हात जोडलेले फोटो, त्यात मावशी काठपदराची साडी नेसून. चाळीत तिनं स्वतः पेढे वाटले. मी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग मावशी, आमचं भाडं कमी होणार का?"

"तुमचं कशाला?" ती हसली. "घरपट्टी माजी कमी झाली."

मला तेव्हाच झोंबलं होतं. पण पेढा चांगला होता, गप बसले.

गाळे बांधून झाले. पहिला गाळा मावशीच्या मुलाला मिळाला. त्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पोरगा हुशार, बोटांत कला, पण आधी नोकऱ्या धरायचा आणि सोडायचा. लग्न ठरत नव्हतं. दुकान लागलं तशी स्थळं यायला लागली. मावशी रोज सकाळी बाजारात जाताना वाट वाकडी करून त्या दुकानासमोरून जायची, आत न शिरता नुसती बघून पुढं. दुसरा गाळा सरपंचाच्या मेव्हण्याला, तिसरा उपसरपंचाच्या भाच्याला. असं सगळं घरच्या घरात.

आणि मग वर्षभरानं, ऐन एप्रिलात, पाणी गेलं.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याला वास यायचा, त्यानं भांडी घासायलाही नको वाटायचं. सगळी मदार ग्रामपंचायतीच्या विहिरीवर आणि तिच्या पंपावर. पंपाचं लाइटबिल थकलं, ते थकतच गेलं, आणि एके दिवशी लाइटवाले येऊन कनेक्शन तोडून गेले. पलीकडे अख्ख्या देशाला वीज पुरवणारं तारापूरचं अणुकेंद्र उभं, आणि आमच्या पंपाला वीज नाही! टाकी कोरडी. टँकर यायला लागले, विकतचे. चार हंड्यांसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायची वेळ आली.

गावात ज्याला विचारावं तो वर बोट दाखवायचा. सरपंच म्हणाला, वरून निधी आला नाही. उपसरपंच म्हणाला, बिलंच वाढीव आली. ग्रामसेवक म्हणाले, मी नवीन आहे. कर्जाचे हप्ते जातात कुठून, तर होती नव्हती ती कराची रक्कम तिकडेच वळत होती, कारण गाळ्यांचं भाडं एक रुपया आलं नव्हतं. पण हे कुणी तोंडातून काढेना. यातलं निम्मं तरी काढलं ते फक्त आमच्या मावशीनं.

टँकरच्या रांगेत ती छत्री टेकत यायची आणि एकेका बाईसमोर उभी राहायची. "पानी का नाय, ठावं हाय? मी बंद केला. कर कमी केला तेवा मी हात वर केला. कर्ज काढला तेवा मी हात वर केला. हाच हात." आणि तो हात दाखवायची. बायांना कळेना की हिला शिव्या द्याव्यात की हिची कीव करावी. मला तर तिचा संताप आला. म्हटलं, "मावशी, हात दाखवून हंडा भरतोय होय? काहीतरी करा की!"

"करते," ती म्हणाली. आणि टॉवेल झटकून तशीच ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेली. मी रिकामा हंडा कडेवर घेऊन तिच्या मागं.

तिनं खिडकीतून नोटा आत सारल्या. "घरपट्टी घे. जुन्या दरानं."

कारकून पोरगा गोंधळला. "मावशी, तुमची निम्मीच होते आता. जास्त रक्कम कॉम्प्युटर घेत नाही."

"मग हातानं घे."

"हातानं बंद झालं. हवं तर वरचे पैसे देणगीत धरतो. देणगीची पावती देतो."

"देनगी?" अख्ख्या कचेरीनं माना वळवल्या. "मी काय देवलात आलीय? देनगी घेशील आनि उद्या माज्या नावाची पाटी लावशील. कर हाय तो. कर म्हनून घे."

"कर ठरल्याहून जास्त नाही घेता येत, मावशी."

"कमी घेता येतो, जास्ती घेता येत नाय? असा कोनी ठरवला?"

पोरगं बिचारं सरळ होतं. ते म्हणालं, "तुम्हीच ठरवलंत. ठरावावर तुमची सही आहे."

मला वाटलं, आता छत्री त्याच्या टाळक्यात बसणार. पण ती खदखदून हसली. मागं रांगेकडं वळली आणि म्हणाली, "ऐकला काय रे? मीच ठरवला! बरोबर बोलला पोर." नोटा उचलल्या, मॅक्सीच्या खिशात कोंबल्या आणि बाहेर आली. बाहेर मात्र तिचं तोंड उतरलं होतं. पायरीवर बसून म्हणाली, "पानी तोडायला एक हात पुरतो गो. जोडायला किती लागतील?"

नाक्यावरचा तो कपातीचा फलक पंप बंद पडला त्याच आठवड्यात गायब झाला होता. कुणी काढला, देव जाणे. पण आमच्याकडं असले फलक वाया जात नाहीत. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला बांधायला ते फार चांगले. तो फलक आमच्याच नवऱ्यानं कुठूनसा मिळवून मागच्या पडवीला बांधला होता, छापील बाजू आत करून. भांडी घासताना रोज माझ्यासमोर ते सगळे मेंबर हात जोडून उभे. बिहारची पोरं तर येताजाता सरपंचाला "नमस्ते साहब" करायची.

मावशी एके दिवशी भाडं मागायला मागच्या दारानं आली आणि थबकली. बघत राहिली. मग म्हणाली, "सोड हा."

"अहो मावशी, पाऊस आला की झड येईल सगळी चुलीवर!"

"येऊ दे. चूल ओली झाली तर माज्याकडं जेव."

तिनं तो स्वतः सोडला, हौदावर नेऊन बोअरच्या पाण्यानं धुतला, अगदी सगळ्यांची तोंडं पुसून काढली. आणि गावच्या कोरड्या नळावर, जिथं टँकर लागायचा, तिथं नेऊन टांगला. एक अक्षर वर लिहिलं नाही. वर "दिलेला शब्द पाळला" आणि खाली हंड्यांची रांग. पहिली बाई हसली, मग दुसरी, मग सगळी रांगच. पाणी गेल्यापासून त्या रांगेत कुणी हसलं नव्हतं. मीसुद्धा पोट धरून हसले, चूल गेली खड्ड्यात.

तासाभरात सरपंच मोटारसायकलवर हजर. "मावशी, काय चालवलंय? गावाची बदनामी!"

"तुजाच फोटो हाय ना? तूच छापलास ना? नाक्यावर लावलास तेवा बदनामी नवती?"

"आधी काढा तो."

"नाय काढत. माजा पन फोटो हाय त्यात. मी काय म्हनते, देनारे फोटोत, फेडनारे रांगेत, असा नको. दोगं एका जागी असू देत."

बाया आता उघड हसायला लागल्या. सरपंचाचा गोडवा संपला. त्यानं गाडीला किक मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "एवढं खरं बोलायची हौस आहे ना? मग पहिला गाळा कुणाला मिळाला तेही सांगा यांना. आणि त्यानं आजवर भाडं किती भरलं तेही."

मावशीची छत्री खाली आली. हसणं थांबलं. 

तिनं मुलाला मागं एकदा विचारलं होतं, भाडं भरतोस ना रे? तो म्हणाला होता, हो हो. आईला तेवढं पुरलं होतं. ती तडक दुकानात निघाली. मला म्हणाली, "चल गो. साक्षीला कोनी पायजे."

तो कुणाचातरी फोन उघडून बसला होता. आईला आत आलेलं बघून त्याला आनंदच झाला, कारण ती कधी आत यायची नाही. स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"भाडं भरलास?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "आये, कोनीच नाय भरत. मी एकटा भरू?"

"हो. तू एकटा भर."

"का? मी काय येडा हाय? सरपंचाचा मेव्हना भरीत नाय, उपसरपंचाचा भाचा भरीत नाय, आनि मी भरू? सगला एकदम कुठनं आनू? आता कुठं धंदा लागलाय."

"मग गाला सोड."

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हात कोनासाठी वर केलेलास तू?" तो उठून उभा राहिला. "बोल ना. लोकांना सांगतेस हात वर केला, हात वर केला. कोनासाठी केलास, ता का नाय सांगत?"

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मावशीनं दुकानातल्या चमकत्या कव्हरांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "तुज्यासाठीच केला. गाला मिलंल, तू मार्गाला लागशील, म्हनून केला. दुसरा काय नवता डोक्यात. तीच तर चोरी रे."

परतीच्या वाटेवर ती रडली. उघड, रस्त्यात, टॉवेलनं तोंड पुसत. मी तिचा हात धरला तर झटकला. मला इतकं वाईट वाटलं की त्या सरपंचाला, त्या पोराला, त्या फलकाला, सगळ्यांना मी मनातल्या मनात आमच्या सांगलीच्या भाषेत धुऊन काढलं.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा कचेरीसमोरच्या मांडवात भरली. एरवी तिथं खुर्च्याच जास्त असायच्या, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. बाया रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. मावशी उठली. साडी नेसली होती, पण छत्री होतीच.

"माजी सूचना लिवा, भाऊसाहेब. घरपट्टी परत जुन्या दरानं घ्या. गाल्यांचा भाडं वसूल करा, नायतर गाले खाली करा. पंपाचा बिल भरा."

मांडवात गलका. "आधी तुम्हीच कमी केलीत की!"

"मीच केली! ताच सांगते! तुमी टाल्या वाजवल्यात, मला गोड वाटला, मी केली!"

"मग राजीनामा द्या!"

"का देऊ?" ती छत्री आपटून ओरडली. "घान मी केली, आनि झाडू तुज्या हातात देऊन पलू? झाडून जाईन. मग घाला शिव्या."

मागून पाड्यावरची एक म्हातारी उठली. हळूच म्हणाली, "मेंबरबाय, आमाला कशी परवडल घरपट्टी? आमचा कुडाचा घर."

मावशी तिच्यापाशी गेली. "काकी, कमी झाली तेवा तुजा किती वाचला?"

म्हातारीनं चिमूट दाखवली.

"माजा दहा खोल्यांचा वाचला. गोदामवाल्यांचा तर पोतंभर वाचला. सूट मोठ्या घरांनी खाल्ली, काकी, आनि हंडा तुज्या डोक्यावर आला. तू विकतचा पानी घेतलास ना? त्यात तुजी चिमूट कवाच गेली." मग व्यासपीठाकडं वळली. "कुडाच्या घराला ठेवा कमी. माज्या घराला नको. ताबी लिवा."

सरपंच उठला. माईक त्याच्याकडं होता. "भाषण सोपं असतं. यांच्या चिरंजीवांचा गाळा आधी खाली करून दाखवा म्हणावं, मग गावाला शिकवा."

मांडवाच्या मागच्या बाजूला हालचाल झाली. तिचा मुलगा तिथं उभा होता, कधी आला कुणास ठाऊक. तो बायांच्या मधून, हंडे ओलांडत पुढं आला. ग्रामसेवकांच्या टेबलावर त्यानं किल्ली टाकली. थकलेल्या भाड्यातले होते तेवढे पैसे टाकले. "बाकीचं फेडीन," म्हणाला. मग आईकडं न बघता, पण तिलाच, "झालं समाधान?" आणि निघून गेला.

तिनं त्याला थांबवलं नाही. पदरानं डोळे तेवढे टिपले, ते पहिल्या रांगेत बसलेल्या मला स्पष्ट दिसलं. पण तिनं छत्री उचलली आणि सरपंचाच्या दिशेनं धरली.

"एक झाला. आता तुजा मेव्हना कुठं हाय रे?"

मग जो काही आवाज उठला! कुणीतरी हंडा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. मीही वाजवला, पोचे पडेपर्यंत. बिहारची पोरं मांडवाबाहेर शिट्ट्या मारत होती. मेंबरांना तोंड लपवायला जागा उरली नाही. पुढच्याच मासिक सभेत दर पुन्हा वर गेला, कुडाची घरं सोडून. मेव्हण्यानं धुसफुसत भाडं भरलं, भाच्यानंही. लाइटबिलाच्या थकबाकीचा पहिला हप्ता गेला आणि लाइटवाले येऊन पंप जोडून गेले. पाणी आलं. दिवसाआड का होईना, आलं.

मुलानं सरावलीला भाड्यानं छोटी टपरी घेतली आणि राहायलाही तिकडंच गेला. ठरत आलेलं लग्न मोडलं. तो आईशी बोलायचा बंद झाला. ती मात्र बाजारात जाताना आता सरावलीकडं वाट वाकडी करायची, छत्री उघडी ठेवून, तोंड दिसू नये म्हणून. एवढी मोठी छत्रीवाली बाई गावात दुसरी नव्हती, तिला वाटायचं कुणाला कळत नाही.

पावसाळा संपला आणि निवडणूक लागली. सरपंचाच्या पॅनेलनं जाहीर केलं, निवडून आलो तर घरपट्टी पूर्ण माफ. पूर्ण! आणि शिवाय मोठं सभागृह, अर्थात कर्ज काढून. मावशी एकटीच उभी राहिली. दारोदार जाऊन काय सांगायची? "मला मत दिलात तर कर कमी होनार नाय. आदीच सांगते." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अहो मावशी, निदान निवडून आल्यावर तरी सांगा!"

"तसाच तर सगले करतात गो," ती म्हणाली. "माजा काय वेगला मग?" आणि मलाच टोचलं, "तू पानी इथला पितेस आनि मत सांगलीला देतेस. आदी तुजा नाव आन इकडं." मी आणलं. नवऱ्याचंही आणायला लावलं. सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला, धरू दे.

ती पडली. नुसती पडली नाही, चांगली आपटली. ज्या बायांनी हंडे वाजवले होते त्यातल्या कितीतरी जणींनी तिकडं मत दिलं, हे मला आजही पचत नाही. पाणी आलं होतं ना, मग कर कशाला हवा! मी रागानं फणफणत तिच्याकडं गेले, तर ही ओट्यावर बसून सगळ्यांना सांगतेय, "मी पडले. बघितलात? वाईट पडले."

दुपारी विजयाची मिरवणूक निघाली. डीजे, गुलाल, जेसीबीतून फुलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मिरवणूक मुद्दाम आमच्या गल्लीत आणली आणि मावशीच्या दारासमोर थांबवली. अर्धा तास तिथंच नाच. खिडक्यांच्या काचा हादरत होत्या. मी दार लावून घ्यायला धावले, तर मावशी आतून कळशी घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात तांब्या. पायऱ्या उतरून ती सरळ त्या गर्दीत शिरली.

नाच थांबला. डीजेवाल्यालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं आवाज कमी केला.

"प्या रे," ती म्हणाली. "घामाघूम झालात. नलाचा हाय, घरपट्टीचा. अजून येतोय तवर प्या."

कुणी हलेना. मग एका नाचऱ्यानं मान खाली घालून ओंजळ पुढं केली. मग दुसऱ्यानं. तहान कुणाला चुकलीय? तो पांढऱ्या शर्टाचा सरपंचही प्याला, ती नीट बघत असताना. आणि डीजेच्या गाडीमागं, गुलालानं माखलेला, तिचा मुलगा उभा होता. सरपंचाच्या माणसांबरोबर आला होता. मला दिसला तसा तिलाही दिसला. मला वाटलं, आता ही कोसळणार. नाहीतर गळ्यात पडणार.

ती कळशी घेऊन त्याच्यापाशी गेली. तांब्या भरला आणि त्याच्या पुढं धरला. त्यानं तो घेतला. थोडं पाणी सांडलं. त्यानं तांब्या तोंडाला लावायला उचलला, तशी तिनं छत्रीसारखं बोट त्याच्या छातीवर टोचलं.

"वरून पी. उष्टा नको करू. बाकीच्यांना पन प्यायचा हाय."